धूर कुठून येतो? भंडाऱ्याचे तलाव, रान आणि कोरडी वर्षे

अवर्षण आणि धूर यांचे नाव आपण बहुधा एकाच दमात घेतो. पाऊस ओढ देतो, रान वाळते, वणवे लागतात, आभाळ धुरकट होते. या साऱ्याला मिळून ‘निसर्गाचा कोप’ म्हटले की विषय संपतो. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहण्याचा प्रयत्न आहे. पाऊस कमी पडणे आपल्या हाती नाही. त्याची कारणे हजारो मैलांवरच्या समुद्रात असतात. धुराचे तसे नाही. धूर जमिनीवरून उठतो, आणि त्या जमिनीचे व तिच्यावरच्या पाण्याचे काय करायचे हे माणसांनी कधीतरी ठरवलेले असते. दोन्ही ठिकाणी धान पिकवायचे, दोन्ही ठिकाणी पावसावर अवलंबून राहायचे. तरी एका प्रदेशात कोरडे वर्ष आले की पीक बुडते आणि दुसऱ्या प्रदेशात पिकाबरोबर महिनोन् महिने सूर्यही दिसेनासा होतो, असे का?

हा प्रश्न विचारायला भंडारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. येथे धान आहे, तलाव आहेत, रान आहे, आणि या तिन्हींविषयीचे शंभर-सव्वाशे वर्षांचे कागद आहेत. ‘भंडारा’ म्हणताना मला जुना जिल्हा अभिप्रेत आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. पण तलावांचा आणि रानाचा इतिहास तालुक्यांच्या सीमा पाहून घडलेला नाही.

मैलाला एक तलाव

१९११ साली प्रसिद्ध झालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत भंडारा जिल्ह्यावर एक लहानशी नोंद आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३,९६५ चौरस मैल आणि लहानमोठ्या तलावांची संख्या ३,६४८, असे तीत दिले आहे. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक तलाव. याच नोंदीत जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली असल्याचे, आणि गरीब लोक मोहाची फुले खातात हेही सांगितले आहे. तलाव, जंगल आणि मोह या तीन गोष्टींभोवतीच पुढचे सगळे कथानक फिरते.

एवढे तलाव का बांधले गेले? पाऊस कमी म्हणून नव्हे. भंडाऱ्याचा वार्षिक पाऊस सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या शेतकऱ्याला तो आकडा चैनीचा वाटेल. अडचण पावसाच्या वेळेची आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत बांध्यांत चिखल करून रोवणी उरकायची, आणि मग धान निसवण्याच्या वेळी, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास, बांधीत पाणी उभे राहिले पाहिजे. नेमका त्याच वेळी पाऊस परतीच्या वाटेवर असतो. हस्ताचा पाऊस चुकला तर लोंब पोचट निघते आणि तीन महिन्यांची मेहनत तणसात जमा होते. धानाला एकूण पाऊस पुरून उपयोग नाही, शेवटचे पाणी मिळाले पाहिजे. तलाव हा त्या शेवटच्या पाण्याचा बंदोबस्त होता. श्रावणातले पाणी आश्विनापर्यंत सांभाळून ठेवायचे, एवढेच त्याचे काम.

हे काम करणारे म्हणून कोहळी समाजाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीकडून त्यांना आणले, अशी परंपरा रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलेली आहे. जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते असेही परंपरा सांगते. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. पुढे लोकांनी त्याला कोलासूर देव करून टाकले आणि तलावाभोवतीच्या डोंगरशिखरांपैकी एकावर त्याचे ठाणे झाले. पाण्याची सोय करणारा माणूस देव होतो, यावरून त्या पाण्याची किंमत कळते.

या तलावांची एक रचना होती. वर रान, रानाच्या पायथ्याशी मातीची पाळ, पाळीत पाणी सोडण्याचे तुडुम, आणि खाली उतरत जाणाऱ्या बांध्या. मोठ्या तलावाच्या मागेपुढे लहान बोड्या. वरचा तलाव भरला की जादा पाणी खालच्याला. पाणी कोणाच्या बांधीला कधी सोडायचे, पाळीवर माती कोणी टाकायची, मासे कोणी धरायचे याचे रिवाज ठरलेले असत. इंग्रजांनी मालगुजारांना गावाच्या मालकीचे हक्क दिले, तेव्हा गावरिवाजांचा ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्त तयार करण्यात आला आणि त्यात पाण्याचे रिवाजही आले. मालगुजाराला आपण साधू समजण्याचे कारण नाही. तलावाखालची चांगली जमीन बहुधा त्याचीच असे, आणि पाळीवर माती टाकणाऱ्यांत खुशीने आलेले किती व बिगारीने आलेले किती हा प्रश्न उरतोच. मात्र पाळ फुटली तर त्याचेही धान बुडत होते. देखभाल टिकली ती या स्वार्थामुळे.

दोन दुष्काळ, दोन धडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार वर्षांत दोन दुष्काळ पडले, आणि ते एकमेकांसारखे नव्हते.

१८९६ साली पावसाळा संपण्याआधीच पाऊस उघडला. धानाला शेवटचे पाणी मिळाले नाही. मध्य प्रांतात त्याआधीची दोन-तीन वर्षेही पिकांना वाईट गेली होती. त्यामुळे घरात साठा नव्हता. तलाव ज्या संकटासाठी बांधले होते तेच हे संकट. ज्याच्या वर भरलेला तलाव होता त्याला काही पिकण्याची आशा होती. ज्याची जमीन निव्वळ आभाळाखाली होती त्याला ती नव्हती.

१८९९ चे वेगळे होते. संवत १९५६ म्हणून ‘छप्पन्नचा दुष्काळ’ या नावाने तो पश्चिम व मध्य हिंदुस्थानभर लक्षात राहिला. त्या वर्षी देशभरचा पावसाळी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी पडला. शेवटचेच नव्हे, पहिलेही पाणी नीट आले नाही. जो तलाव भरलाच नाही तो देणार काय? तलाव महिनाभराचा खंड भरून काढू शकतो, अख्खे साल नाही, हा १८९९ चा धडा. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत अकरा टक्के घट. या घटीत मेलेले आहेत, पोट घेऊन परमुलखात गेलेले आहेत, आणि जन्मालाच न आलेलेही आहेत.

या दुष्काळांनी हवामानशास्त्राला कामाला लावले. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि तो पार खोटा ठरला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे खाते आले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा पॅसिफिकच्या पूर्वेकडे तो उतरतो आणि उलटही होते, हा झोका त्यांना दिसला. त्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. हे आंदोलन आणि पेरूच्या किनाऱ्यावरचा एल निनो ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात दाखवले. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही वर्षे एल निनोची होती. साकोलीच्या बांधीतले पाणी आणि पेरूच्या कोळ्याचे जाळे यांचा संबंध जोडायला शास्त्राला सुमारे नव्वद वर्षे लागली.

सरकारने पाटबंधाऱ्यांचाही विचार सुरू केला. १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगानंतर मध्य प्रांतात सरकारी तलावांची कामे निघाली. बोदलकसा, चोरखमारा हे जिल्ह्यातले मोठे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले आहेत. पावसाची नोंद, पाण्याची नोंद आणि उपाय, असे हे एक खाते उघडले गेले. रानाचे खाते मात्र वेगळ्या दप्तरात होते.

रानातली आग

मध्य हिंदुस्थानातल्या पानझडी रानाला आग नवी नाही. माघ-फाल्गुनात साग, ऐन, धावडा यांची पाने गळतात आणि जमिनीवर वीतभर पाचोळा साचतो. मोहाची फुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करण्याची रीत पडली. ही आग शेंड्याला जात नाही, जमिनीवरून सरपटते. मोठी झाडे तगतात, रोपटी मरतात. आणि एका झाडाखाली लावलेली आग वारा सुटला की डोंगराच्या पलीकडे जाते.

इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात रानाला आगीपासून राखण्याचे प्रयोग सुरू केले. होशंगाबादजवळचे बोरीचे रान त्यात अग्रभागी होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले, आणि १९२७ च्या कायद्यात ते कलम कायम राहिले. पण कायद्याने आग ही शिस्तीची बाब मानली, पोटाची नाही. दुष्काळ पडला की हा फरक उघडा पडे. १८९७ आणि १९०० साली सरकारलाच राखीव जंगले चराईला आणि कंदमुळे-फुले वेचायला मोकळी करावी लागली. धान नसलेल्या घराला मोहफूल हेच धान्य होते. ज्या वर्षी रान सर्वांत कोरडे त्याच वर्षी त्यात सर्वाधिक माणसे आणि सर्वाधिक भूक, ही स्थिती दर मोठ्या अवर्षणानंतर येते. वणव्याला याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नाही.

छप्पन्नच्या दुष्काळाने आणखी एक धूर या रानाशी जोडला. गुजरातेतून दुष्काळाच्या सुमारास कामधंद्यासाठी बाहेर पडलेली काही कुटुंबे रेल्वेच्या कामांवर जबलपूरकडे आली. विडीला तेंदूचे पान उत्तम चालते हे तेथे त्यांच्या लक्षात आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतात विडीचा धंदा उभा राहिला, असा या उद्योगाचा इतिहास सांगितला जातो. गोंदिया, तुमसर, भंडारा ही पुढे विडीची मोठी केंद्रे झाली. घरोघरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बायका हे या जिल्ह्याचे चित्र बनले. तेंदूची कोवळी, मोठी, अखंड पाने हवीत तर जुने खुंट छाटावे लागतात, किंवा जाळावे लागतात. जाळणे स्वस्त. महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला. तरी पान वेचणाऱ्याचा त्या झाडाशी संबंध मे महिन्यातल्या दोन-तीन आठवड्यांचाच राहिला. रान कोणाचे तरी दुसऱ्याचे, पानाचा ठेका कोणाचा तरी दुसऱ्याचा. जळलेल्या रोपट्याचा तोटा त्याच्या हिशेबात धरायचा कोणी?

आता धुराचा आणि तलावाचा सांधा पाहू. जळलेल्या उतारावर पाचोळा नसतो, रोपटी नसतात. मृगाचा पहिला पाऊस उघड्या मातीवर आपटतो आणि ती माती घेऊन खाली येतो. खाली तलाव आहे. माती तलावात बसते, तलाव उथळ होतो, श्रावणातले पाणी आश्विनापर्यंत टिकत नाही, हस्ताचा खंड पडला की धान पोचट होते, आणि पोचट धानाचे घर फाल्गुनात मोहासाठी आणि पानासाठी पुन्हा रानात जाते. हे एक चक्र आहे. सरकारी दप्तरांत त्याचे तुकडे निरनिराळ्या खात्यांत सापडतील: वणवा वनखात्यात, गाळ पाटबंधाऱ्यात, पीक महसुलात. गावात मात्र ती एकच गोष्ट असते.

दुसरा एक भातप्रदेश

आता थोडे दूर जायचे आहे, कारण हे चक्र उलटे फिरवले तर काय होते ते तिकडे दिसते.

बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाच्या ताब्यातला भाग म्हणजे कालिमांतान. तेथे समुद्रालगत मैलोन् मैल दलदलीचे रान होते. पाण्याखाली पडलेली पाने, फांद्या, मुळे पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षांत त्यांचे काही मीटर जाडीचे काळे थर साचतात. त्यांना पीट म्हणतात. पाण्यात आहे तोवर पीट निरुपद्रवी असते. वाळले की ते सरपण होते.

१९९५-९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या हुकमाने मध्य कालिमांतानात सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याचा प्रकल्प सुरू झाला. भात लावायचा म्हणून झाडे तोडली आणि ४,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. या कालव्यांनी पाणी आणायचे होते, प्रत्यक्षात त्यांनी दलदल उपसून काढली. भात जवळजवळ पिकलाच नाही, आणि पुढे प्रकल्प सोडून द्यावा लागला. पण त्याआधी १९९७ आले.

१९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. आपल्याकडे त्या वर्षी दुष्काळाची भीती होती, आणि पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. याचे एक कारण शास्त्रज्ञांना दोन वर्षांनी सापडले. हिंदी महासागराचाही एक झोका आहे. त्या वर्षी आफ्रिकेकडचे पाणी तापले आणि सुमात्राकडचे थंड झाले. त्यामुळे आपल्याकडे ढग टिकले आणि इंडोनेशियाचा पाऊस आणखी आटला. एकाच झोक्याने आपल्या बांध्या सावरल्या आणि त्यांची दलदल वाळवली. जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी पीटमध्ये शिरल्या आणि जमिनीखाली धुमसत राहिल्या. धूर सिंगापूर, मलेशिया, थायलंडच्या दक्षिणेपर्यंत पोचला. २६ सप्टेंबर १९९७ रोजी धुराने झाकोळलेल्या मेदानजवळ गरुडा कंपनीचे विमान कोसळून त्यातले सर्व २३४ जण मेले. सुसान पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा इंडोनेशियातल्या त्या आगींतून बाहेर पडलेला कार्बन हा जगभर वर्षाकाठी कोळसा, तेल व वायू जाळून निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के भरला.

बोर्निओत यापूर्वीही कोरडी वर्षे आली होती. अखंड, ओली दलदल त्यांना पुरून उरत असे. १९९७ साली ती जळाली, कारण तिच्यातले पाणी काढून टाकले होते. भंडाऱ्याच्या कोहळ्यांनी धानासाठी पाणी अडवले, कालिमांतानात धानासाठी पाणी सोडून दिले. दोन्हींचा हेतू भातच. फरक एवढाच की एकाने जागेचा स्वभाव ओळखून तीनशे वर्षांपूर्वी काम केले, आणि दुसऱ्याने राजधानीत नकाशा पाहून.

२०१५ मध्ये दोन्हीकडे एकदमच कोरडे गेले. भारतात पाऊस १४ टक्क्यांनी कमी, त्याआधीच्या वर्षीही १२ टक्क्यांनी कमी. इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि जागतिक बँकेने नुकसानीचा आकडा १६ अब्ज डॉलरच्या घरात काढला. सीमा ओलांडणाऱ्या धुराविषयी आग्नेय आशियाई देशांनी २००२ मध्ये करार केला होता. इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. कराराच्या शाईने पीट ओले होत नाही. पुढे तेथे कालवे अडवून पाणी परत थांबवण्याची कामे हाती घेण्यात आली. म्हणजे शेवटी पाळ बांधणेच आले.

धूर पावसाला अडवतो का?

आजवर आपण अवर्षणातून धूर निघतो हे पाहिले. धुरातून अवर्षण निघते का? मोठ्या प्रमाणावर पाऊस ठरवतात ते समुद्र आणि वारे. रानातल्या आगीने मान्सून फिरत नाही. पण ढगाच्या पातळीवर धूर आपले काम करतो. ढगातला थेंब हवेतल्या कणाभोवती बनतो. कण मोजके असतील तर थेंब मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि पडतात. धुराने कणांची गर्दी केली की तेवढेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते, आणि ते थेंब तरंगतच राहतात. डॅनिएल रोझेनफेल्ड यांनी १९९९ मध्ये उपग्रहाच्या निरीक्षणांवरून नेमके बोर्निओच्या धुरातल्या ढगांविषयी हे दाखवले. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानातून ढगांचा आणि कणांचा अभ्यास सुरू केला. योगायोग असा की २००९ साली पाऊस २२ टक्क्यांनी कमी पडला.

भंडाऱ्यात धुराचे दिवस मुख्यतः मार्च ते मे, म्हणजे पावसाळ्याआधीचे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि वणव्याचा धूर पहाटेपर्यंत दरीत, गावात, तलावाच्या पाण्यावर अडकून राहतो. त्याच वेळी माणसे मोह वेचायला बाहेर पडतात. म्हणजे तो धूर सर्वांत आधी ज्यांच्या छातीत जातो, त्यांचे पोट त्याच रानावर असते. अलीकडे यात काही गावांत कापणीनंतरच्या धसकटांच्या धुराची भर पडली आहे. विळ्याने कापलेल्या धानाचे तणस गुरांना जाते, कापणीयंत्र मात्र धसकट उभे ठेवते आणि गुरेही कमी झाली आहेत. पंजाबात जे मोठ्या प्रमाणावर झाले त्याची ही लहान सुरुवात वेळीच ओळखलेली बरी.

पाळ कोणाची?

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी संपली. ते व्हायलाच हवे होते. जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावरचा एक मालक त्याने उतरला. पण तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव त्यांना मिळाले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. निस्तारपत्रकात गावाचे हक्क नोंदले गेले, मात्र पाळीवर माती टाकण्याचे कर्तव्य कोणाच्याच नावावर नीट चढले नाही. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. राज्याच्या पाटबंधारे धोरणाचे लक्ष मोठ्या धरणांकडे होते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्यानंतरची अनेक दशके जिल्ह्यातली पाण्याची चर्चा त्या एका नावाभोवती फिरली. इकडे तलाव गाळाने भरत होते, बेशरमच्या झाडोऱ्याने वेढले जात होते.

या पडझडीत काही माणसांनी उलटे काम केले. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या मच्छीमारांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरम उपटणे, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे, स्थानिक मासे परत आणणे हे काम गावोगाव केले. त्यांच्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की त्यांनी तलाव म्हणजे केवळ घनमीटर पाणी मानले नाही. त्याचे मासे, त्याची वनस्पती, त्यावर जगणारा समाज आणि त्या समाजाचे ज्ञान मिळून त्यांनी तलाव धरला. ज्याचे पोट तलावावर आहे तो तलाव राखतो, ही मालगुजारीतली जुनी गोष्ट त्यांनी मालगुजाराशिवाय खरी करून दाखवली.

रानाच्या बाबतीतही तसेच उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पाचगावला सामूहिक हक्क मिळाले, तेव्हा ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पानासाठी छाटणी आणि आग करावी लागते, त्याने रानाचे नुकसान होते आणि झाडावर राहिलेले तेंदूफळ माणसांना-पाखरांना खायला मिळते, असा त्यांचा विचार. त्यांनी उत्पन्न बांबूवर उभे केले. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. तेंदूच्या पैशावर पावसाळ्याची बियाणे-खते घेणारी कुटुंबे भंडाऱ्यात कमी नाहीत. पण जळलेल्या रोपट्याचा तोटा ज्या दिवशी गावाच्या खात्यात धरला जातो, त्या दिवसापासून आगपेटी वेगळ्या विचाराने हाताळली जाते, हे पाचगावने दाखवून दिले.

नोंद

भंडाऱ्याच्या इतिहासात पावसाला दीडशे वर्षांपासून वही आहे. तहसीलच्या आवारात पर्जन्यमापक आहे, इंच आणि मिलिमीटर आहेत. धुराला अशी वही नव्हती. तो जुन्या कागदांत आलाच तर वनखात्याच्या अहवालात, जळालेल्या क्षेत्राच्या रकान्यात येतो. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या मदतीने वणव्यांच्या सूचना पाठवते. आता रानातली आग नागपुरात बसून दिसते. पण उपग्रह आगीचा ठिपका दाखवतो. ती मोहाखाली लागली की तेंदूच्या खुंटांत, त्या वर्षी वरच्या तलावात किती पाणी होते, आणि पुढच्या पावसात किती माती खाली आली, हे तो सांगू शकत नाही. हे फक्त गाव सांगू शकते.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस ३६ टक्क्यांनी कमी. संपूर्ण हंगामाची तूट मात्र सहाच टक्के होती. म्हणजे १८९९ सारखे नव्हे, लांब खंडाचे वर्ष. कोहळ्यांनी ज्यासाठी पाळी बांधल्या तसेच. सरासरीच्या आसपास पाऊस, पण मध्येच महिनाभर ओढ, अशा वर्षांसाठी आपण तयार असायला हवे. आणि अशा वर्षाचा सामना करण्याचे साधन या जिल्ह्यात प्रत्येक मैलावर बांधून ठेवलेले आहे. ते गाळात आहे, एवढेच.

म्हणून एक साधी सूचना करून थांबतो. ग्रामसभांनी एक वही ठेवावी. तीत दर वर्षी चार नोंदी: हस्त लागला तेव्हा तलावात पाणी किती होते, फाल्गुन-चैत्रात रान कुठे आणि कशामुळे जळाले, धुराचे दिवस किती, आणि पाळीवर माती कोणी टाकली. पाणी आणि आग यांची नोंद पहिल्यांदाच एका पानावर येईल. दहा वर्षांनी कोणी या जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा धूर कुठून येतो हे त्याला तर्काने जुळवत बसावे लागणार नाही. आणि गावाला ते त्याच्याही आधी, पुढच्या कोरड्या वर्षापूर्वी, कळलेले असेल.